इंटरनेटची वाटचाल आणि आपल्या हातातील किल्ली

(विहारातील रविवारच्या व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा आपल्यापैकी एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला विचारले की, विहारात इंटरनेटवर भाषण कशासाठी? ते तर पोरांच्या हातातले खेळणे आहे. त्यांच्या या प्रश्नात गैर काही नाही. मोबाईलवर रात्र रात्र जागणारी मुले ज्यांच्या घरात आहेत त्यांना तसे वाटणे साहजिकच आहे. परंतु ज्याला आपण खेळणे म्हणून बाजूला सारतो, त्याच्याच द्वारे आज जातीच्या दाखल्याचा अर्ज करावा लागतो, मुलाची शिष्यवृत्ती मागावी लागते, परीक्षेचा निकाल पाहावा लागतो आणि सातबाराचा उताराही काढावा लागतो. आपल्या संसारातील इतके व्यवहार ज्या वस्तूवर येऊन ठेपले आहेत, ती वस्तू कोणी निर्माण केली, ती कोणत्या नियमांनी चालते आणि तिच्या वाटा कोणाच्या ताब्यात आहेत, हे समजून घेणे आपले काम होय. ते काम दुसऱ्यावर सोपविले तर काय होते, हे मी माझ्याच घरच्या अनुभवावरून पुढे सांगणार आहे.

प्रथम तिचा जन्म पाहू. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेतील रँड या संस्थेत पॉल बॅरन नावाचे अभियंते एका प्रश्नाचा विचार करीत होते. त्या काळचे टेलिफोनचे जाळे मोठमोठ्या केंद्रांवर अवलंबून असे. केंद्र नष्ट झाले की त्याच्यावर विसंबलेल्या सगळ्या तारा मुक्या होत. युद्धात शत्रूने तेवढी केंद्रे उडविली तर काय करायचे? बॅरन यांनी उत्तर दिले की केंद्रच नको. कोळ्याच्या जाळ्याप्रमाणे प्रत्येक गाठ शेजारच्या अनेक गाठींना जोडलेली असावी आणि निरोपाचे लहान लहान तुकडे करून ज्याला जी वाट मोकळी सापडेल त्या वाटेने जाऊ द्यावे. इंग्लंडात डोनाल्ड डेव्हिस हेही स्वतंत्रपणे याच विचारापर्यंत पोहोचले. त्या तुकड्यांना 'पॅकेट' हे नाव त्यांनीच दिले.

ही कल्पना आपल्या ओळखीच्या उदाहरणाने सांगतो. ६ डिसेंबरला एखाद्या गावातील पन्नास माणसे चैत्यभूमीवर यावयास निघतात. त्या सर्वांसाठी गावापासून दादरपर्यंत एक खास गाडी राखून ठेवावी आणि ती पोहोचेपर्यंत त्या रुळावर दुसरे कोणी येऊ नये, ही झाली टेलिफोनची जुनी रीत. दुसरी रीत अशी की प्रत्येकाच्या हातात एकपासून पन्नासपर्यंत क्रमांकाची चिठ्ठी द्यावी. मग कोणी नाशिककडून येवो, कोणी पुण्याकडून येवो, कोणाला ही गाडी मिळो, कोणाला ती. शिवाजी पार्कवर सर्वांनी क्रमांकाप्रमाणे उभे राहावे. सतरा क्रमांक आला नाही असे दिसले तर गावी निरोप पाठवून तो पुन्हा मागवावा. येथे मात्र एक भेद आहे. माणूस हरवला तर दुसरा तयार करता येत नाही. पॅकेटची नक्कल मात्र पाठविणाऱ्या यंत्रापाशी शिल्लक असते. एवढा भेद सोडला तर मोबाईलवर येणारे प्रत्येक छायाचित्र आज याच रीतीने येते.

अमेरिकेतील सर्वांत मोठ्या टेलिफोन कंपनीने, एटी अँड टी हिने, ही कल्पना त्या वेळी स्वीकारली नाही. ज्याचे केंद्रावर प्रभुत्व असते त्याला केंद्र नसलेली रचना पटत नाही. हे केवळ टेलिफोनच्या बाबतीतच खरे आहे असे नव्हे.

पुढे अमेरिकेच्या संरक्षण खात्यातील अर्पा या शाखेने पैसा पुरविला आणि अर्पानेट उभे राहिले. हे जाळे अणुयुद्धासाठी बांधले गेले असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते, पण ते बरोबर नाही. बॅरन यांचा विचार युद्धावरून सुरू झाला होता हे खरे. परंतु अर्पानेटचा हेतू साधा होता. संगणक त्या काळी अतिशय महाग असत, तेव्हा दूरदूरच्या विद्यापीठांतील संशोधकांना एकमेकांचे संगणक वापरता यावेत, एवढेच त्यात अपेक्षित होते. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री लॉस एंजेलिस येथील विद्यापीठातून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेकडे 'लॉगिन' हा शब्द पाठविण्यास आरंभ झाला. पहिली दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडचे यंत्र बंद पडले. सुमारे तासाभराने पूर्ण शब्द गेला. जगातील या विराट व्यवहाराचा पहिला निरोप असा अर्धवटच पोहोचला होता. त्या वर्षाच्या अखेरीस या जाळ्यात अवघी चार ठिकाणे होती.

यानंतरची गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. एक जाळे तारांचे, दुसरे रेडिओचे, तिसरे उपग्रहाचे, अशी निरनिराळी जाळी तयार होऊ लागली आणि प्रत्येकाची रीत वेगळी होती. त्यांना एकमेकांशी बोलावयास कसे लावावे? व्हिंटन सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी १९७४ मध्ये याची पद्धत प्रसिद्ध केली आणि १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटने ती स्वीकारली. तिचे सार असे की, प्रत्येक जाळ्याने आपल्या घरात आपल्या मर्जीप्रमाणे राहावे. फक्त उंबरठ्यावर सर्वांनी एकच भाषा बोलावी. मधल्या यंत्राने पॅकेटवरील पत्ता वाचावा आणि पॅकेट पुढे ढकलावे. आत काय आहे, पाठविणारा कोण, त्याचा दर्जा कोणता, याची चौकशी करण्याचे काम त्याच्याकडे दिलेलेच नव्हते. माणसाच्या वाट्याला जो समान व्यवहार शतकानुशतके आला नाही, तो या यंत्रांच्या नियमावलीत प्रथमपासून लिहिला गेला, याचे मला फार नवल वाटते. पण भगिनींनो आणि बंधूंनो, हे झाले यंत्राचे. यंत्राच्या दारात बसणारी माणसे चौकशी केल्याशिवाय राहत नाहीत.

आता आपण ज्याला 'वेब' म्हणतो त्याकडे येऊ. इंटरनेट म्हणजे रस्ता आणि वेब म्हणजे त्या रस्त्यावरून चालणारी एक वाहतूक, हा फरक ध्यानात ठेवावा. स्वित्झर्लंडमधील सर्न या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये वेबची योजना मांडली. एका लेखातील शब्दावर बोट ठेवले की दुसरा लेख उघडावा, मग तो लेख जगाच्या कोणत्याही संगणकावर असो, अशी ती योजना होती. त्याच सुमारास अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाने 'गोफर' नावाची अशाच कामाची दुसरी पद्धत काढली होती आणि आरंभी लोकप्रियतेत तीच पुढे होती. १९९३ च्या आरंभी मिनेसोटाने काही वापरणाऱ्यांकडून फी घेण्याचा विचार जाहीर केला. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने वेबवरील आपला हक्क सोडून ते जगाला मोफत देऊन टाकले. थोड्याच वर्षांत गोफर मागे पडले. वेबवर चित्रे अधिक चांगली दिसत, हेही त्याचे एक कारण होते. सर्व श्रेय औदार्याला देणे बरोबर होणार नाही. तरीही मला वाटते, परवानगीवाचून कोणीही पाटी लावावी आणि कोणीही वाचावी हा अधिकार त्या एका कागदामुळे लोकांना मिळाला.

याची किंमत आपल्याला इतरांपेक्षा लवकर कळावी. १९३६ साली लाहोरच्या जातपाततोडक मंडळाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अध्यक्ष म्हणून बोलाविले आणि भाषणाचा मजकूर पाहून ते अधिवेशनच रद्द केले. बाबासाहेबांनी ते न झालेले भाषण स्वखर्चाने छापले. पंधराशे प्रतींची ती आवृत्ती दोन महिन्यांत संपली. व्यासपीठ नाकारले गेले तेव्हा छापखाना हाताशी होता म्हणून तो ग्रंथ आज आपल्यापाशी आहे. आणि छापखान्यालाही पैसा लागत होता. आज तोच 'जातिनिर्मूलनाचा' मूळ इंग्रजी ग्रंथ, ज्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब शिकले त्याच विद्यापीठाच्या संकेतस्थळावर, टिपांसह, कोणालाही विनामूल्य वाचता येतो. खेड्यातील मुलीला तो वाचावयाचा असेल तर तिला कोणाच्या पाया पडावे लागत नाही.

हिंदुस्थानात हे जाळे कसे आले ते थोडक्यात सांगतो. १९८६ मध्ये एर्नेट नावाची योजना आठ संस्थांत सुरू झाली. त्यांत मुंबईची राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान संस्था आणि पवईची आयआयटी या दोन होत्या. सामान्य माणसासाठी विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मोठ्या शहरांत ही सोय खुली केली. ती इतकी महाग होती की सामान्य माणसाने तिच्याकडे पाहूही नये. १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली, गल्लीबोळांत सायबर कॅफे निघाले, आणि २०१६ नंतर मोबाईलवरील दर एकदम कोसळले तेव्हा कोठे ते कष्टकऱ्याच्या खिशापर्यंत पोहोचले.

परंतु खिशात पोहोचले म्हणजे हातात आले असे नव्हे. आपल्या भाषेचेच पाहा. वेब जन्मले तेव्हा त्यावर मराठी लिहिण्याची सर्वमान्य सोय नव्हती. १९९१ मध्ये युनिकोड या जागतिक संकेतमालेच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले. पण ते प्रत्यक्ष वापरात येण्यास पुढे दीड तप गेले. तोपर्यंत प्रत्येक छापखान्याचा टंक वेगळा आणि त्याचा संकेतही वेगळा. एका संगणकावर लिहिलेले मराठी पत्र दुसऱ्यावर उघडले तर नुसती इंग्रजी चिन्हांची खिचडी दिसे. मी स्वतः एका सभेचे इतिवृत्त असे तीन वेळा टाइप केलेले आहे. मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला तो अशा दिवसांत. आजही जगातील संकेतस्थळांपैकी जवळजवळ निम्मी इंग्रजीत आहेत आणि मराठीचा वाटा एक टक्क्याच्याही पुष्कळ खाली आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे जे येणार आहे त्याचा तिच्याशी संबंध आहे.

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो. माझी भाची तंत्रनिकेतनात शिकत होती. शिष्यवृत्तीचा अर्ज इंटरनेटवरूनच भरावयाचा होता. तिचे वडील तिला घेऊन बाजारातील एका दुकानात गेले. दुकानदार वाईट माणूस नव्हता. त्याने त्या दिवशी चाळीसभर मुलांचे अर्ज भरले आणि सोयीसाठी प्रत्येक अर्जावर स्वतःचाच मोबाईल क्रमांक घातला. पासवर्डही त्यानेच ठरविला आणि त्याच्याच वहीत राहिला. पुढे तिच्या उत्पन्नाच्या दाखल्याची प्रत अस्पष्ट आहे, ती पुन्हा पाठवा, असा संदेश आला तो दुकानदाराच्या फोनवर. त्या सुमारास तो दुकान बंद करून दुसऱ्या तालुक्यात गेला होता. मुदत टळली, अर्ज बाद झाला आणि त्या वर्षीची फी माझ्या मेव्हण्यांनी व्याजाने पैसे काढून भरली. मुलगी पात्र होती, कायदा तिच्या बाजूचा होता, सरकारने पैसेही ठेवले होते. फक्त किल्ली दुसऱ्याच्या खिशात होती. तलाठ्याच्या दारात तास तास बसणे आपल्या पिढीने पाहिले. तो तलाठी निदान कोठे बसतो हे तरी माहीत असे.

म्हणून इंटरनेट मिळणे हा हक्काचा प्रश्न आहे, आणि न्यायालयांनीही तसे म्हणावयास आरंभ केला आहे. २०१९ मध्ये केरळात एका विद्यार्थिनीला वसतिगृहातून काढले, कारण ठरावीक वेळेत मोबाईल जमा करण्याच्या नियमाला तिने विरोध केला. केरळ उच्च न्यायालयाने निकाल दिला की इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या व खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे. काश्मीरात ऑगस्ट २०१९ पासून इंटरनेट बंद होते. त्यासंबंधी १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ते बेमुदत बंद ठेवता येणार नाही आणि बंदीचे हुकूम प्रसिद्ध केले पाहिजेत. तेथील वेगवान मोबाईल सेवा पूर्ववत होण्यास मात्र फेब्रुवारी २०२१ उजाडला. निकाल आणि अंमल यांच्यातील अंतर आपणांस नवे नाही.

आपल्या महाराष्ट्रातील पालघरचे प्रकरणही विसरू नये. नोव्हेंबर २०१२ मध्ये दोन तरुणींना पोलिसांनी पकडले. एकीने मुंबई बंदविषयी फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या होत्या आणि दुसरीने त्या पसंत केल्या होत्या. ज्या कायद्याच्या ६६अ या कलमाचा असा उपयोग होत होता ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरविले. आणि अगदी अलीकडे, ३० एप्रिल २०२५ रोजी, त्याच न्यायालयाने असे म्हटले की अशा सेवांपर्यंत पोहोचता येणे हा जीविताच्या हक्काचाच भाग होय. ॲसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे गेलेल्या व्यक्तींना बँकेचे यंत्र ओळख पटविण्यासाठी पापणी मिटून दाखवावयास सांगत होते. ज्याला पापणीच राहिली नाही त्याने काय मिटावे? यंत्र करणाऱ्याच्या मनात तो माणूस आलाच नव्हता. कोणाच्या मनात कोण येत नाही, यावर आपण आयुष्यभर बोलत आलो आहोत.

कंपन्यांचेही तसेच आहे. फेसबुकने 'फ्री बेसिक्स' नावाची योजना आणली होती. गरिबांना इंटरनेट फुकट, पण सगळे नव्हे. योजनेच्या नियमांत बसून आत आलेली तेवढीच संकेतस्थळे. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने संकेतस्थळानुसार निरनिराळे दर लावण्यास मनाई केली आणि ती योजना येथे थांबली. त्या वेळी कित्येक भले लोक म्हणत होते की गरिबाला काहीच नसण्यापेक्षा थोडे मिळते ते का नाकारावे? मी त्यांच्याशी सहमत नव्हतो आणि आजही नाही. श्रीमंताला सारा बाजार आणि गरिबाला एका दुकानदाराने मांडलेला एक फळा, असा भेद एकदा रूढ झाला की तो मोडण्यास पिढ्या जातात.

आता पुढे काय? भविष्य सांगणे हा माझा धंदा नव्हे, परंतु ज्या गोष्टी सुरू झालेल्या आहेत त्यांवरून काही दिसते.

पहिली गोष्ट रस्त्याची. इंटरनेट आकाशातून येते असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः खंडाखंडांमधील जवळजवळ सारी वाहतूक समुद्राच्या तळाशी टाकलेल्या काचतंतूंच्या केबलमधून चालते. त्यांपैकी कित्येक केबल मुंबईच्या वर्सोव्याच्या किनाऱ्यावर वर येतात. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तजवळ केबल तुटल्या तेव्हा हिंदुस्थानातील वेग एकदम मंदावला. आता खरोखरीच आकाशातून येण्याची तयारी चालली आहे. जुने उपग्रह ३६,००० किलोमीटर उंचीवर असत, म्हणून निरोप वर जाऊन खाली येईपर्यंत पाव सेकंद लागे. स्टारलिंकने २०१९ पासून सुमारे ५५० किलोमीटरवर हजारो लहान उपग्रह सोडले. यामुळे ज्या पाड्यावर केबल जाणार नाही तेथेही जाळे पोहोचू शकेल. परंतु ज्या रचनेत केंद्र नको म्हणून सारा खटाटोप सुरू झाला, तिचा आकाशातील मार्ग एकेका कंपनीच्या मालकीचा होत आहे, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

दुसरी गोष्ट बोलणाऱ्या यंत्राची. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि तेव्हापासून यंत्राला प्रश्न विचारावा व त्याने वाक्यांत उत्तर द्यावे, ही सवय जगाला लागत आहे. यात आपल्या घरातील आजीसाठी फार मोठी आशा आहे. जिला अक्षर ओळखता येत नाही तिलाही आपल्या बोलीत विचारता येईल, तोंडी अर्ज सांगता येईल. पण ही यंत्रे जे लिहिलेले आहे त्यावरूनच शिकतात. मराठीत लिहिलेले थोडे, आणि त्यातही आपल्या वस्त्यांनी, आपल्या बायकांनी, आपल्या शाहिरांनी लिहिलेले त्याहून थोडे. आपल्याविषयी दुसऱ्यांनी जे लिहून ठेवले त्यावरूनच उद्याचे यंत्र आपल्या नातवंडांना आपला इतिहास सांगणार असेल, तर ते काय सांगेल याची कल्पना करा. जुन्या पत्रकांचे गठ्ठे, जलशांच्या वह्या, दीक्षेच्या वेळची छायाचित्रे आपल्या पेट्यांत वाळवी खात पडली आहेत. ती नीट उतरवून, तारीख-वार घालून ठेवण्याचे काम कोणत्याही कंपनीला सुचणार नाही.

तिसरी गोष्ट आपल्या माहितीची. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला आणि २०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. तो टप्प्याटप्प्याने अमलात येत आहे. सरकारला त्यातून दिलेल्या सवलती फार मोठ्या आहेत असे माझे मत आहे. तरीही आपली माहिती कोणापाशी आहे हे विचारण्याचा आणि चुकीची असल्यास दुरुस्त करून मागण्याचा मार्ग त्याने दाखविला आहे. आडनावावरून जात ओळखण्याची कला या देशात माणसे पोटातून शिकून येतात. नोकरीचे अर्ज आता यंत्रे चाळू लागली आहेत, आणि तीही माणसांकडूनच शिकली आहेत.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या अंदाजाप्रमाणे २०२४ मध्ये जगातील सुमारे साडेपाच अब्ज माणसे इंटरनेट वापरीत होती आणि अडीच अब्जांहून अधिक माणसे बाहेर होती. आपल्या वस्तीपुरता हा हिशेब आपण स्वतः करू शकतो. मागील पौर्णिमेस मी येथे विचारले होते की किती घरांत स्त्रीच्या स्वतःच्या नावाचा मोबाईल क्रमांक आहे? जे हात वर झाले ते मोजण्यास मला दोन्ही हातांची बोटे पुरली.

तेव्हा आता कामाचे बोलतो. पुढील रविवारी सकाळी दहा वाजता वंदनेनंतर महाविद्यालयातील आपली चार मुले येथे बसतील. ज्यांना दाखल्याचा वा शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयाचा आहे त्यांनी कागदपत्रे आणावीत, आणि अर्जदार मुलाने किंवा मुलीने स्वतः यावे. वडिलांनी एकट्याने येऊ नये. अर्जावर क्रमांक त्याच घरचा घातला जाईल. पासवर्ड अर्जदार स्वतः ठरवील आणि स्वतःच्या वहीत लिहील. आमची मुले त्या वेळी तोंड फिरवून बसतील, तशी ताकीद मी त्यांना दिली आहे. ओटीपी कोणी मागितला तर देऊ नये, मी मागितला तरी देऊ नये. ज्यांच्यापाशी जुनी पत्रके वा वह्या असतील त्यांनी त्याही आणाव्यात. प्रत उतरवून मूळ वस्तू त्याच दिवशी परत दिली जाईल. ज्या भगिनींच्या नावावर क्रमांक नाही त्यांनी आधारकार्डासह थोडे लवकर, नऊ वाजताच यावे.